चिनी अनुबोधपटकार वांग बिंग

एक वृद्ध बाई आपल्या घरांत खुर्चीवर बसून बोलत आहेत. बाहेर दिवस मावळत चालला आहे. बोलतां बोलतां खोलींतला उजेड ओसरतो, बाईंचा चेहरा अस्पष्ट होतो, आणि कांहीं वेळानें खुर्चीतील एका काळ्या आकृतीकडून नुसता आवाज तेवढा येत राहतो. कॅमेरा हलत नाहीं. बाईही थांबत नाहींत. ज्या वर्षांविषयीं त्या बोलत आहेत त्या वर्षांत त्या इतक्या गुंतल्या आहेत कीं दिव्याचें त्यांना भान उरलेलें नाहीं. अखेरीस कॅमेऱ्यामागून एक पुरुषाचा आवाज येतो आणि, दिवा लावला तर चालेल का, असें अदबीनें विचारतो. बाई उठतात, दिवा लावतात, आणि तुटलेलें वाक्य पुन्हां जोडून घेतात.

हा प्रसंग ‘फेंगमिंग : एक चिनी आत्मकथन’ या सन २००७ च्या अनुबोधपटांतला आहे, आणि तो आवाज त्याचे कर्ते वांग बिंग यांचा आहे. दुसऱ्या कोणी दिग्दर्शकानें एवढा अंधार पडद्यावर राहूं दिला नसता. दिवा आधींच लावून घेतला असता, किंवा संकलनाच्या वेळीं तो भाग कापून काढला असता. वांग बिंग यांनीं तो तसाच ठेवला. त्यांचें सारें सामर्थ्य मला या एका प्रसंगांत दिसतें, आणि त्यांच्याविषयीं जी एक शंका माझ्या मनांत पुष्कळ दिवस घर करून बसली आहे तिचेंही मूळ येथेंच आहे. बोलणाऱ्याला त्याच्या गतीनें बोलूं द्यावें, त्याच्या वेळांत आपण हात घालूं नये, हें त्यांचें व्रत. पण समोरचें माणूस अंधारांत बुडत असतां दिव्याची गोष्ट काढण्यापूर्वीं पाहणारानें किती वेळ थांबावें? या प्रश्नाचें उत्तर त्यांच्या निरनिराळ्या चित्रपटांत निरनिराळें मिळतें, आणि प्रत्येक वेळीं तें समाधानकारक असतेंच असें नाहीं.

वांग बिंग यांचा जन्म १९६७ सालीं शान्शी प्रांतांतील शीआन येथें झाला. सांस्कृतिक क्रांतीचा भडका उडून तेव्हां एक वर्ष लोटलें होतें. त्यांचें बालपण खेड्यांत गेलें. ते चौदा वर्षांचे असतां वडील वारले, आणि त्या काळच्या चिनी पद्धतीप्रमाणें वडिलांची जागा मुलाला मिळाली. इमारतींचे आराखडे तयार करणाऱ्या एका सरकारी संस्थेंत त्यांनीं सुमारें दहा वर्षें नोकरी केली. अशा नोकरीला चिनी लोक ‘लोखंडी भाताचा वाडगा’ म्हणत. तो फुटत नाहीं, आणि रिकामाही होत नाहीं, अशी समजूत होती. हा वाडगा खालीं ठेवून हा तरुण १९९२ मध्यें शेनयांगच्या लू शुन ललितकला अकादमींत छायाचित्रण शिकावयास गेला आणि तेथून पुढें बीजिंगच्या चित्रपट अकादमींत. चरित्र म्हणून सांगण्यासारखें यापेक्षां फारसें नाहीं, आणि त्यांच्या कलेच्या दृष्टीनें तें नसलें तरी चालतें. मात्र तो वाडगा लक्षांत ठेवावा, कारण त्यांची पहिलीच कृति तो फुटतांना पाहते.

शेनयांग शहरांत लोहमार्गाच्या पश्चिमेस त्येशी नांवाचा भाग आहे. नांवाचा अर्थही तोच. मांचुरिया जपानच्या ताब्यांत असतां १९३० नंतरच्या दशकांत तेथें कारखान्यांची वसाहत वाढली, आणि १९४९ नंतर सोव्हिएट साह्यानें ती नव्या चीनचें भूषण बनली. तेथील कामगार म्हणजे राज्याचा लाडका पुत्र. विसाव्या शतकाच्या अखेरीस हेच कारखाने एकामागून एक बंद पडूं लागले. भाड्यानें आणलेला एक लहानसा डिजिटल कॅमेरा घेऊन वांग बिंग १९९९ मध्यें एकटेच तेथें गेले आणि २००१ पर्यंत जात राहिले. सुमारें ३०० तासांचें चित्रण जमलें. त्यांतून २००३ मध्यें जो अनुबोधपट सिद्ध झाला तो नऊ तासांहून अधिक लांबीचा आहे. ‘गंज’, ‘अवशेष’ आणि ‘रूळ’ असे त्याचे तीन भाग आहेत.

आरंभीं मालगाडीच्या पुढच्या टोकावर कॅमेरा आहे. बर्फ पडत आहे. गाडी कारखान्यांच्या भिंतींमधून संथपणें जाते, आणि हिमाचे कण भिंगावर येऊन चिकटतात. ते कोणी पुसत नाहीं. पुढें आपण आंत जातों. तांबें आणि शिसें वितळवणाऱ्या भट्ट्या, धूर, आणि त्याहून जास्त वेळ कामगारांची विश्रांतीची खोली. तेथें माणसें पत्ते खेळतात, भांडतात, नागडींच आंघोळीहून येतात, थकलेल्या पगाराबद्दल बोलतात आणि पुन्हां पत्ते खेळतात. शिशाचें विष अंगांत भिनल्यामुळें उपचारासाठीं त्यांना इस्पितळांत पाठवितात, तर तेथेंही तेंच. खरें सांगावयाचें तर हा भाग मी तीन रात्रींत पाहिला, आणि दुसऱ्या रात्रीं माझा डोळा लागला. जाग आली तेव्हां तींच माणसें त्याच खोलींत बसलेलीं होतीं. प्रथम मला वाटलें कीं माझें कांहींच हुकलें नाहीं. मागाहून ती जागा पुन्हां काढून पाहिली, तेव्हां कळलें कीं मधल्या काळांत कारखाना बंद होण्याची बातमी येऊन गेली होती. ज्या माणसांचें आयुष्य त्या बातमीनें उलटें झालें, तीं त्या क्षणीं काय करीत होतीं? बसून होतीं. इतिहासाच्या पुस्तकांत अशा घटनेला एक ओळ मिळते, आणि त्या ओळींत बसून राहणें येत नाहीं.

लांबीमुळें कृति आपोआप मोठी होते, असें मात्र कोणीं समजूं नये. योरिस आयव्हन्स आणि मार्सेलिन लोरिदां यांनीं सांस्कृतिक क्रांतीच्या काळांत चीनमध्यें जाऊन केलेली चित्रमाला १९७६ मध्यें बाहेर आली, तीही सुमारें बारा तासांची आहे. आयव्हन्स हे पट्टीचे कलावंत. कारखाने, औषधांचीं दुकानें, शाळा, सर्व कांहीं त्यांनीं मोठ्या प्रेमानें टिपलें. परंतु तेथें माणसें पुष्कळ बोलतात आणि जवळजवळ सर्वच जण बरोबर बोलतात. कॅमेऱ्यापुढें काय बोलावें हें त्यांना ठाऊक होतें, न बोलल्यास काय होतें हेंही ठाऊक होतें, आणि तें दुसरें पाहुण्यांस ठाऊक नव्हतें. बारा तासांतही जें त्यांच्या हातीं आलें नाहीं तें वांग बिंग यांना आलें, याचें एक कारण असें कीं त्यांच्यापुढें बसलेल्या कामगारांजवळ सांभाळण्यासारखें कांहीं उरलेंच नव्हतें. दुसरें कारण, त्यांच्या हातीं कॅमेरा असूनही त्यांच्याकडे कोणी साहेब म्हणून पाहत नसे. स्वस्त, हलका कॅमेरा घेतलेला एक उनाड पोरगा, अशीच त्यांची गणना होत असावी.

तिसऱ्या भागांत, म्हणजे ‘रूळ’ मध्यें, या कृतीचें हृदय आहे. म्हातारा दू हा मालगाड्यांच्या आवतींभोंवतीं कोळसा आणि भंगार गोळा करून जगणारा एकाक्ष मनुष्य. तो रेल्वेचा नोकर नाहीं, पण साऱ्यांच्या ओळखीचा. त्याचा तरुण मुलगा अबोल आहे. एके दिवशीं कोळसा चोरल्याबद्दल बापाला धरून नेतात, आणि मुलगा घरांत एकटा राहतो. तो एक जुनी पिशवी काढतो, तींतून घरचीं छायाचित्रें बाहेर घेतो, आणि एक शब्द न बोलतां रडूं लागतो. पुढें बाप सुटून येतो. दोघे खाणावळींत जेवतात, मुलगा दारू चढून कोसळतो, बापापुढें गुडघे टेकतो, आणि तो म्हातारा त्याला पाठीवर टाकून अंधारांतून घरीं नेतो. येथें संगीत नाहीं, निवेदन नाहीं, कोणाचें भाष्य नाहीं. या बापलेकांना मी सात तासांनंतर भेटलों. पहिल्या अर्ध्या तासांत भेटलों असतों तर त्यांना दोन दुर्दैवी जीव म्हणून दयेचा एक उसासा दिला असता आणि पुढें गेलों असतों. त्येशीची एवढी पडझड डोळ्यांखालून गेल्यावर ते मला माझे शेजारी वाटूं लागले होते.

जपानांतील यामागाता येथील अनुबोधपट महोत्सवांत २००३ मध्यें या कृतीला पहिलें पारितोषिक मिळालें. पारितोषिकाला रॉबर्ट आणि फ्रान्सिस फ्लाहर्टी यांचें नांव आहे. ‘नानूक’ या १९२२ च्या प्रसिद्ध चित्रपटासाठीं एस्किमो कुटुंब आणि त्याच्या शिकारी मुद्दाम जुळवून आणणारे ते हेच फ्लाहर्टी. कांहींही जुळवून न आणणाऱ्या मनुष्याला त्यांच्या नांवाचा मान मिळावा, ही गंमतच म्हणावयाची.

आतां फेंगमिंगबाईंकडे परत जाऊं. त्या १९४९ मध्यें विद्यापीठ सोडून कान्सू प्रांताच्या दैनिकांत दाखल झाल्या. त्यांचे पतिही तेथेंच होते. १९५७ मध्यें पक्षानें प्रथम लोकांना मोकळेपणानें टीका करण्याचें आवाहन केलें आणि लगेच टीका करणारांवरच शस्त्र उगारलें. सुमारें साडेपांच लाख लोकांवर ‘उजवे’ असा शिक्का बसला. नोकरशाहीविषयीं कांहीं लेख लिहिल्याबद्दल फेंगमिंगबाईंच्या पतींवर तो बसला, मागाहून त्यांच्यावरही. दोघांना निरनिराळ्या श्रमछावण्यांत पाठविण्यांत आलें. पतींची छावणी गोबीच्या वाळवंटाच्या कडेला, जियाब्यानगौ येथें होती. १९६० च्या शरद ऋतूंत तेथील बरेचसे कैदी मिंगश्वै नांवाच्या जागीं हलविण्यांत आले. तेथें निवारा म्हणजे जमिनींत खोदलेले खड्डे आणि चर. देशभर दुष्काळ होता. सुमारें ३,००० कैद्यांपैकीं जेमतेम ५०० जिवंत परतले असें मानतात. पति आजारी असल्याचें कळल्यावर फेंगमिंगबाई खाण्याचें कांहींबाही बांधून घेऊन तेथवर पोचल्या. ते आधींच वारले होते.

ही हकीकत त्या तीन तास सांगतात. मधून मधून उठून जातात, तेव्हां कॅमेरा रिकाम्या खुर्चीपुढें वाट पाहतो. त्यांचें बोलणें शोकानें मोडलेलें नाहीं. त्या पत्रकार होत्या, त्यांनीं या साऱ्याचें पुस्तक आधींच लिहिलें होतें, आणि तारखा, नांवें, वस्तु त्या ओळीनें मांडतात. एवढी व्यवस्था पाहून मला आरंभीं थोडें दूरचें वाटलें. मग लक्षांत आलें कीं ही व्यवस्था हाच त्यांचा सूड आहे. ज्यांनीं माणसें बिनहिशेबीं पुरलीं त्यांच्यापुढें त्या कवडीन् कवडीचा हिशेब मांडीत आहेत. असा हिशेब मांडणाऱ्याला मध्येंच थांबवून, ‘थोडक्यांत सांगा’, असें कोणत्या तोंडानें म्हणावें? येथें दिग्दर्शकाचें थांबणें मला सर्वस्वीं पटतें. बोलण्याचा निर्णय बाईंचा आहे, आणि अंधारही जणुं त्यांनींच पत्करलेला आहे.

याच छावणीवर वांग बिंग यांनीं ‘खड्डा’ हा कल्पित चित्रपटही काढला. यांग श्यान्हुई यांच्या कथांचा त्याला आधार आहे. तो वाळवंटांत गुपचूप चित्रित झाला आणि २०१० मध्यें व्हेनिसच्या महोत्सवांत आधीं नांव जाहीर न करतां दाखविण्यांत आला. त्यांतही पतीला शोधीत येणारी एक बाई आहे, आणि ती ऊर फोडून रडते. नटांचा प्रयत्न प्रामाणिक आहे, तरी खुर्चीतल्या त्या शांत बाईंपुढें हें रडणें मला उसनें वाटलें. त्याविषयीं अधिक लिहिण्याची इच्छा नाहीं.

‘मृत आत्मे’ मात्र निराळी वस्तु. छावणींतून वांचलेल्या लोकांच्या मुलाखती त्यांनीं २००५ च्या सुमारास सुरू केल्या आणि जवळजवळ दहा वर्षांनीं पुन्हां त्यांच्याकडे गेले. आठ तासांहून लांब असा हा अनुबोधपट २०१८ मध्यें कान येथें दाखविला गेला, तोंवर बोलणाऱ्यांपैकीं पुष्कळ जण वारले होते. एक जण तर अंथरुणावरून अगदीं क्षीण आवाजांत बोलतो, आणि पुढच्याच दृश्यांत डोंगराळ खेड्यांतली अंत्ययात्रा, कबरीपाशीं आक्रोश करणारा मुलगा. या साक्षींतून जी गोष्ट हळूहळू उघड होते ती शौर्याची मुळींच नाहीं. वांचलेल्यांपैकीं कितीक जण वांचले ते स्वयंपाकघरांत काम मिळालें म्हणून, धान्याच्या जवळपास राहावयास मिळालें म्हणून, किंवा बायकोनें पाठविलेलें पीठ वेळेवर पोचलें म्हणून. हें ते स्वतःच सांगतात. कोणी हसून सांगतो, कोणी खालीं पाहून. आपण जगलों याचें त्यांना आश्चर्य आहे आणि थोडी लाजही आहे. छावणीच्या जुन्या नोकरांपैकीं एकाचीही साक्ष यांत आहे. त्याला खलपुरुष ठरविण्याची घाई वांग बिंग करीत नाहींत, आणि त्यामुळेंच त्याचें बोलणें अधिक भेसूर वाटतें. शेवटीं कॅमेरा मिंगश्वैच्या ओसाड जमिनीवरून चालत जातो. वारा जोराचा आहे. पायांखालीं, उघड्यावर, हाडें आणि कवट्या पडलेल्या आहेत.

एवढें मोठें ऋण मान्य केल्यावर आतां शंकेकडे वळतों. ‘कलेसाठीं कला कीं जीवनासाठीं कला’ हा वाद आपल्याकडे फडके आणि खांडेकर यांच्या नांवांनीं पुष्कळ गाजला. अनुबोधपटापुढें तो वाद लटका पडतो. येथें प्रश्न असतो तो, दुसऱ्याच्या जीवनावर कलावंताचा अधिकार किती, हा. आपल्या साहित्यशास्त्रानें करुणरसाचें कोडें साधारणीकरणाच्या तत्त्वानें सोडविलें आहे. नाटकांतला शोक रामाचाही राहत नाहीं, नटाचाही नाहीं आणि माझाही नाहीं; तो कोणाचाच नसतो, म्हणून त्याचा आस्वाद घेतां येतो. पण पडद्यावर दिसणारें दुःख जर नांवगांव असलेल्या, अजून जिवंत असलेल्या माणसाचें असेल, तर त्याला साधारण करून टाकण्याची मुभा मला कोणीं दिली?

‘तिघी बहिणी’ या २०१२ च्या कृतींत युन्नान प्रांतांतील तीन हजार मीटरांहून उंच असलेल्या खेड्यांत दहा, सहा आणि चार वर्षांच्या मुली जवळजवळ एकट्या राहतात. आई निघून गेली आहे, बाप शहरांत मजुरीला. मोठी यिंग बटाटे उकडते, शेण गोळा करते, धाकटीच्या अंगांतल्या उवा मारते आणि सारखी खोकते. तिच्या मळक्या जाकिटाच्या पाठीवर ‘लव्हली डायरी’ अशीं इंग्रजी अक्षरें आहेत. पुढें बाप येऊन दोघी धाकट्यांना घेऊन जातो आणि यिंग मागें आजोबांपाशीं राहते. हा खोकला ऐकतांना कोणत्याही बापाला, कॅमेरा ठेवून पोरीला औषध आणून द्या, असें म्हणावेंसें वाटेल. तेथील उंचीवरच्या हवेनें वांग बिंग स्वतः आजारी पडले आणि पुढचें कांहीं चित्रण सहकाऱ्यांना करावें लागलें, हें मला मागाहून कळलें. त्यामुळें माझी शंका मिटली नाहीं, परंतु ते खिडकींत बसून पावसाची मौज पाहणारे नव्हेत एवढें तरी पटलें.

पुढच्या वर्षींची ‘वेड आपल्याला वेगळें करीपर्यंत’ ही कृति युन्नानमधील एका वेड्यांच्या इस्पितळांत घडते. मधल्या चौकाभोंवतीं गजांचा लांब सज्जा, आणि त्यावर दिवसरात्र फिरणारीं माणसें. कांहीं खरोखर आजारी आहेत. कांहीं घरच्यांना किंवा अधिकाऱ्यांना नकोसे झालेले आहेत. कोण कोणत्या कारणानें आंत आला हें सांगितलेलें नाहीं. नांव आणि किती वर्षें झालीं एवढेंच अक्षरांत येतें. एका रात्रीं एक तरुण सज्जावरून धांवत सुटतो, फेऱ्यांमागून फेऱ्या, आणि कॅमेराही त्याच्या मागें धांवतो. पाहणारा येथें नुसता थांबलेला नाहीं, त्यालाही दम लागतो. ही कृति मला ‘तिघी बहिणीं’पेक्षां अधिक निर्दोष वाटते. याउलट ‘कडू पैसा’ या २०१६ च्या कृतींतला एक प्रसंग मी अद्याप क्षमा करूं शकलों नाहीं. नवऱ्यानें घराबाहेर घातलेली एक बाई त्याच्या दुकानांत येते, नवरा तिला धमकावतो, तिचा गळा धरतो, आणि कॅमेरा तें सारें टिपत राहतो. शेजारीपाजारी मध्यें पडतात, पण तेही सावकाशच. हें लपविलें असतें तर खोटें झालें असतें हें खरें. तरी तेथें दिवा लावण्यास उशीर झाला असें मला वाटतें. या कृतीला व्हेनिसच्या महोत्सवांत एका विभागांतील उत्कृष्ट पटकथेचें पारितोषिक मिळालें. जेथें पटकथाच नव्हती तेथें हा मान कशाला, हें परीक्षकांनाच ठाऊक.

सर्वांत कठीण कृति ‘श्रीमती फांग’. झेजियांग प्रांतांतील हूजौजवळच्या एका खेड्यांतील फांग श्युयिंग या बाईंचे शेवटचे दिवस तींत आहेत. स्मृतिभ्रंशाच्या विकारानें त्यांचें बोलणें थांबलेलें आहे. आरंभीं त्या उभ्या दिसतात, स्तब्ध, पण स्वतःच्या पायांवर. मग कांहीं महिन्यांनीं अंथरुणावर. गालांची हाडें वर आलेलीं, दांत उघडे पडलेले, डोळे उघडे. त्या चेहऱ्यापुढें कॅमेरा मिनिटांमागून मिनिटें थांबतो. त्या पाहत आहेत का? आपल्याला कोणी पाहत आहे हें त्यांना कळतें का? कुटुंबाची संमति होती, आणि त्यांच्या मुलीशीं वांग बिंग यांची ओळख होती. पण स्वतः फांगबाईंना नाहीं म्हणतां येत नव्हतें. फेंगमिंगबाईंनीं अंधार पत्करला. यांच्यावर उजेड लादला गेला आहे. लोकार्नो येथें २०१७ मध्यें या कृतीला सुवर्णबिबळ्याचें पहिलें पारितोषिक मिळालें, म्हणून हा आक्षेप खोटा ठरत नाहीं.

तरीही ही कृति टाकाऊ म्हणण्यास माझी जीभ रेटत नाहीं, आणि त्याचें कारण त्या चेहऱ्यांत नसून त्याच्या भोंवतालीं आहे. खोली नातेवाइकांनीं भरलेली आहे. ते तिच्या उशाशीं बसून खर्चाचें बोलतात, उत्तरक्रियेचें बोलतात, एकमेकांस दोष देतात, सिगारेटी ओढतात, दूरदर्शन लावतात. नाडी पाहतात आणि आज कीं उद्यां याचा अंदाज करतात. रात्रीं पुरुष होडी घेऊन विजेच्या झटक्यानें मासे धरावयास जातात, आणि कॅमेरा त्यांच्याबरोबर काळ्या पाण्यावर निघतो. ज्या घरांत कोणी महिनामहिना शेवटच्या घटका मोजल्या आहेत, त्या घराला हें सारें ओळखीचें वाटेल. आपण मरणाविषयीं लिहितों तेव्हां ही बडबड गाळून टाकतों. वांग बिंग यांनीं ती ठेवली म्हणून फांगबाई ‘मृत्यू’ नांवाच्या एका कल्पनेचें चित्र न होतां शेवटपर्यंत त्या घरच्या बाईच राहिल्या. साधारणीकरण येथें मुद्दाम मोडलेलें आहे. चेहऱ्यावरचा वेळ निम्म्यानें कमी केला असता तरी हें साधलें असतें, असें माझें मत आहे. पण तो वेळ कमी करणारा मनुष्य त्या खोलींत एवढे दिवस राहिला असता का, याची मला खात्री देववत नाहीं.

चीनमध्यें वांग बिंग यांचे चित्रपट सरकारी परवान्यानें चित्रपटगृहांत लागलेले नाहींत. ते तपासणीसाठीं पाठविण्याच्या भानगडींतच ते पडले नाहींत. वू वनगुआंग यांच्या १९९० च्या ‘बीजिंगमधील भटकंती’ पासून तेथें परवान्याबाहेरच्या अनुबोधपटांची एक परंपराच सुरू झाली. तिला आसरा देणारे छोटे महोत्सव होते, पण बीजिंगचा स्वतंत्र चित्रपट महोत्सव २०१४ मध्यें बंद पाडण्यांत आला. वांग बिंग यांचा पैसा आणि प्रेक्षक बऱ्याच अंशीं फ्रान्स आणि युरोपचा. ‘काळ्या पोषाखांतला मनुष्य’ ही २०२३ ची कृति तर पॅरिसच्या एका जुन्या नाट्यगृहांत झाली. तींत छळ सोसलेले वृद्ध संगीतकार वांग शीलिन विवस्त्र अवस्थेंत रंगमंचावर उभे राहून आपली कहाणी सांगतात. कृति लहान आहे आणि सुंदरही आहे, परंतु तेथें प्रकाशाची योजना फार नेटकी आहे. मला त्या अंधारलेल्या खोलीची आठवण झाली.

‘तारुण्य’ या तीन भागांच्या दीर्घ कृतींत ते पुन्हां आपल्या जागीं येतात. झिली हें शांघायपासून दीडशें किलोमीटरांवर असलेलें, मुलांचे कपडे शिवणारें गांव. हजारों लहान कारखाने, आणि दूरदूरच्या प्रांतांतून आलेलीं विशीच्या आंतबाहेरचीं मुलें. २०१४ ते २०१९ या काळांत तेथें सुमारें २,६०० तासांचें चित्रण झालें. पहिला भाग २०२३ मध्यें आणि दुसरे दोन २०२४ मध्यें बाहेर आले. पहिल्या भागांत थट्टामस्करी, प्रेमप्रकरणें, शिवणयंत्रांचा अखंड खडखडाट, आणि नगावर किती पैसे द्यावयाचे यावरून मालकाशीं घासाघीस. ती घासाघीस पुनःपुन्हां येते, आणि प्रत्येक वेळीं जवळजवळ तीच असते; येथें मात्र लांबीचा मला खरोखर कंटाळा आला. दुसऱ्या भागांत एका मुलाची हजेरीची वही हरवते आणि मालक मजुरी नाकारतो. एक मालक देणेकऱ्यांना चुकवून पळून जातो, तेव्हां मुलें त्याचींच यंत्रें विकून कांहीं पैसे पदरांत पाडून घेतात. त्येशीच्या कामगारांना निदान हरविण्यासाठीं कांहीं होतें. या मुलांच्या हातीं लोखंडी वाडगा कधीं आलाच नाहीं, आणि म्हणूनच कीं काय, तीं अधिक हसतात.

तिसऱ्या भागांत नववर्षासाठीं सारीं घरीं जातात. गाड्या खच्चून भरलेल्या, पुढें डोंगरांतले बर्फाळ रस्ते, आणि दूरच्या खेड्यांत लग्नें. एका नववधूचा नवरा पूर्वीं संगणकाचें काम करणारा. सुटी संपल्यावर तोही तिच्यामागून झिलीला येतो आणि शिवणयंत्रापुढें बसतो. त्याला कापड नीट धरतां येत नाहीं, शिवण वांकडी जाते. बायको शेजारच्या यंत्रावरून हात लांब करून तुकडा उसवते आणि पुन्हां त्याच्यापुढें ठेवते.